स्टेपर ड्रायव्हरचा कपॅसिटर: आधी व्होल्ट, मग अंतर, मायक्रोफॅरॅड शेवटी

मखराचा हंगाम सुरू झाला की कोकणातल्या पडव्यांमध्ये आणि पत्र्याच्या शेडमध्ये एमडीएफ कापणारे छोटे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारी कापण्याची यंत्रं, दिवसभर घरघरत असतात. त्यांच्या स्टेपर मोटरींना, म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरींना, वीज पुरवणारा ड्रायव्हर जळतो तोही नेमका तेव्हाच. मग कुणीतरी सांगतं, "मोठा कपॅसिटर टाक." त्यावर ४७०० मायक्रोफॅरॅड क्षमतेचा, २५ व्होल्टचा डबा एसएमपीएसच्या (एसीचा डीसी करणाऱ्या स्विचिंग सप्लायच्या) टर्मिनलवर आवळला जातो. ड्रायव्हर तिथून सव्वा मीटर लांब. आठ दिवसांत दुसरा ड्रायव्हर जातो, आणि कधी कपॅसिटरही फुगतो.

इथे दोन चुका आहेत, आणि मायक्रोफॅरॅड कमी पडणं ही त्यांपैकी एकही नाही. २४ व्होल्टच्या लाइनवर २५ व्होल्टचा कपॅसिटर लावला ही पहिली. तो ड्रायव्हरपासून लांब लावला ही दुसरी.

कपॅसिटरची कामं दोन आहेत आणि ती एकाच जागी होत नाहीत. ड्रायव्हरच्या पायाशी बसलेला छोटा कपॅसिटर वायरमधून येणारी उसळी मारतो. सप्लाय लाइनवरचा मोठा कपॅसिटर ब्रेक लागताना मोटरकडून परत येणारी ऊर्जा गिळतो, आणि सप्लाय ट्रान्सफॉर्मरचा असेल तर डीसी सपाटही करतो. एकाचं काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

## टप्पा १: पाच आकडे कागदावर

दुकानात जाण्याआधी हे लिहून काढा.

१. सप्लायचा बिनभाराचा व्होल्टेज. छापील नव्हे, मल्टिमीटरने मोजलेला. ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय असेल तर रात्री उशिरा मोजा. गावातले पंप आणि पंखे बंद झाले की लाइन चढते. एसएमपीएसला याचा फारसा फरक पडत नाही, ट्रान्सफॉर्मरला पूर्ण पडतो.

२. ड्रायव्हरची कमाल मर्यादा. ए४९८८ ला ३५ व्होल्ट, डीआरव्ही८८२५ ला ४५, टीएमसी२२०९ ला २९. डीएम५४२ जातीचे बंद डब्यातले ड्रायव्हर २० ते ५० व्होल्टचे. टीबी६६०० च्या डब्यावर ४२ छापलेलं असतं, पण त्याला ३६ च्या वर नेऊ नये.

३. मोटरच्या पट्टीवर लिहिलेला फेजमागचा (एका वाइंडिंगमागचा) करंट.

४. सप्लायपासून ड्रायव्हरपर्यंत वायरची लांबी. सरळ अंतर नव्हे, वळसे धरून.

५. सगळ्यात जड अक्षाचा वेग, आणि तो किती झटक्यात थांबतो.

तपासा: पहिला आकडा दुसऱ्याच्या ८० टक्क्यांवर जात असेल तर कपॅसिटर निवडण्याआधी सप्लाय किंवा ड्रायव्हर बदला. २४ व्होल्टवर टीएमसी२२०९ या सीमेच्या जरा वर जातो; तो चालतो, पण तिथे वर फक्त पाच व्होल्ट उरतात. एसएमपीएसवरचा छोटा पेच फिरवून "थोडा जास्त स्पीड" काढायचा मोह ज्यांना होतो, त्यांचे ड्रायव्हर याच फटीत जातात.

## टप्पा २: व्होल्टेज ठरवा

कपॅसिटरवरचे व्होल्ट म्हणजे तो सतत सोसू शकेल ती वरची सीमा. लाइनवर दिसणाऱ्या सर्वांत मोठ्या व्होल्टेजला सव्वाने गुणा आणि वरचा प्रमाणित आकडा घ्या. बाजारात २५, ३५, ५०, ६३, ८० आणि १०० सहज मिळतात.

- १२ व्होल्ट लाइन: २५
- २४ व्होल्ट लाइन: ५०. ३५ चा चालतो, पण ब्रेकच्या वेळी लाइन ३० च्या घरात गेली की काठावर येतो. भावात फरक थोडा, म्हणून ५० च घ्या.
- ३६ व्होल्ट लाइन: ६३
- ४८ व्होल्ट लाइन: ८० किंवा १००

ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी इथे थांबून गणित करावं, कारण गडबड इथेच होते. सेकंडरीवर २४ व्होल्ट एसी लिहिलंय म्हणून डीसी २४ मिळत नाही. ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटरनंतर ते १.४१ पट होतं: ३४, त्यातून दोन डायोडांचे दीड-दोन व्होल्ट वजा, म्हणजे साधारण ३२. हे झालं २३० व्होल्टच्या लाइनवर, पूर्ण भाराला. रात्री लाइन २५० झाली आणि मोटरी उभ्या असल्या, तर लहान ट्रान्सफॉर्मर आणखी दहा टक्के चढतो. मग मीटरवर ३९-४० दिसतात. "२४ चा ट्रान्सफॉर्मर, ३५ चा कपॅसिटर" ही जोडी म्हणूनच फुटते. इथे ६३ लागतो. ए४९८८ ला तर हा सप्लाय लावायचाच नाही.

जास्त व्होल्टचा कपॅसिटर "नीट भरत नाही" असं काउंटरवर ऐकायला मिळतं. ते खोटं आहे. त्याला फक्त जागा आणि पैसे जास्त लागतात.

## टप्पा ३: ड्रायव्हरच्या पायाशी

छोट्या ड्रायव्हर बोर्डवर सिरॅमिक कपॅसिटर असतात. त्यांचा अंतर्गत रोध जवळपास शून्य. लांब वायरला स्वतःचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) असतं, मीटरला ढोबळ एक मायक्रोहेन्री. चालू लाइनमध्ये प्लग खुपसला की वायर आणि सिरॅमिक मिळून झोका घेतात आणि व्होल्टेज दुपटीपर्यंत उसळतो. २४ चे ४८. ए४९८८ तिथेच संपला, डीआरव्ही८८२५ सुद्धा. सिरॅमिकवर व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता घटते, म्हणून उसळी कधी दुपटीच्याही पुढे जाते. १२ व्होल्टवर ए४९८८ कसा जळला, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

साधा इलेक्ट्रोलिटिक (दंडगोल डब्याचा कपॅसिटर) इथे दोन प्रकारे उपयोगी पडतो: त्याची क्षमता मोठी असते, आणि त्याच्या अंगातला थोडासा रोध झोका जिरवतो. म्हणून या जागी महागडा, अतिशय कमी रोधाचा पॉलिमर कपॅसिटर एकटा लावणं उलट चुकीचं. तो झोका मारत नाही.

मापं अशी घ्या:

- ए४९८८, डीआरव्ही८८२५, टीएमसी२२०९: प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र १०० मायक्रोफॅरॅड. ४७ ही खालची सीमा.
- टीबी६६०० सारखे ३-४ अँपिअरचे: प्रत्येकी ४७०.
- डीएम५४२ सारख्या बंद डब्यांत कपॅसिटर आधीच असतो. सप्लायची वायर अर्ध्या मीटरच्या आत असेल तर बाहेरून काही लागत नाही. लांब असेल तर डब्याच्या टर्मिनलवर ४७०.

अंतर: कपॅसिटरचे पाय ड्रायव्हरच्या मोटर-सप्लाय आणि ग्राउंड पिनांपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत. दहा सेंटिमीटर वायर जोडून डब्याच्या भिंतीला चिकटवलेला कपॅसिटर दिसायला नीटनेटका दिसतो, काम अर्धंच करतो.

तपासा: सीएनसी शील्डवर (छोटे ड्रायव्हर खोचायच्या बोर्डवर) ड्रायव्हरशेजारी कपॅसिटर बसवलेले असतील तर त्यांच्यावरचे व्होल्ट भिंग घेऊन वाचा. १६ किंवा २५ असतील आणि लाइन २४ असेल, तर ते काढून ५० चे बसवा.

सावधान: मोटर-सप्लाय आणि लॉजिकचे ५ किंवा ३.३ व्होल्ट या वेगळ्या लाइन आहेत. लॉजिक पिनवरचा ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक मोटर लाइनच्या कपॅसिटरची जागा घेत नाही. आणि मोटरच्या चार आउटपुट तारांवर कपॅसिटर कधीच नाही. ड्रायव्हर तिथे सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, प्रत्येक वेळी कपॅसिटर त्याला शॉर्टसारखा दिसतो.

## टप्पा ४: सप्लाय लाइनवरचा मोठा कपॅसिटर

### एसएमपीएस असेल तर

मोटर थांबते तेव्हा ती जनित्र होते. तिची ऊर्जा ड्रायव्हरमधून मागे लाइनवर येते. एसएमपीएस वीज देतो, परत घेत नाही. मग ती जाते कुठे? कपॅसिटरमध्ये. तो लहान असेल तर व्होल्टेज चढतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. राउटरची गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारी सरकती कमान) स्पिंडलसकट ६ किलो, वेग मिनिटाला ९ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.१५ मीटर. स्क्रू फेऱ्याला १० मिलिमीटर पुढे नेणारा, म्हणजे मोटर ९०० आरपीएमवर. गॅन्ट्रीची ऊर्जा: अर्धा × ६ × ०.१५ चा वर्ग = ०.०७ ज्यूल. नेमा २३ (नेमा हे मोटरच्या तोंडाचं प्रमाणित माप) च्या लांब मोटरच्या रोटरचं जडत्व ४८० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर धरलं तर ९०० आरपीएमला त्यात ०.२१ ज्यूल. म्हणजे सहा किलोच्या गॅन्ट्रीपेक्षा मुठीएवढ्या रोटरमध्ये तिप्पट ऊर्जा! माणसं गॅन्ट्रीचं वजन मोजत बसतात, फिरणारं लोखंड विसरतात.

एकूण ०.२८ ज्यूल. घर्षण आणि वाइंडिंगमध्ये निम्मी जिरली असं धरू, उरली ०.१४. आता सूत्र: नव्या व्होल्टेजचा वर्ग = जुन्या व्होल्टेजचा वर्ग + (२ × ऊर्जा ÷ क्षमता). क्षमता फॅरॅडमध्ये. २४ व्होल्टपासून सुरुवात:

- १०० मायक्रोफॅरॅड: ५८ व्होल्ट
- १००० मायक्रोफॅरॅड: २९.३ व्होल्ट
- २२०० मायक्रोफॅरॅड: २६.५ व्होल्ट

एसएमपीएसचे स्वतःचे आउटपुट कपॅसिटर यात धरले नाहीत. ते वाटा उचलतात, पण त्यांच्या भरवशावर डिझाइन करू नये. २४ व्होल्टच्या एसएमपीएसचं ओव्हरव्होल्टेज संरक्षण साधारण २९ ते ३४ दरम्यान तुटतं. वेगात परत फिरताना मशीन अचानक मेल्यासारखी थांबते, सप्लाय बंद करून पुन्हा लावला की चालते, हे त्याचंच लक्षण. एसएमपीएस खराब समजून बदलला जातो आणि नवाही तसाच वागतो.

तेव्हा अशा मशीनला २२०० मायक्रोफॅरॅड, ५० व्होल्ट. टेबलावरच्या छोट्या नेमा १७ मशीनला ४७० ते १००० पुरतो.

सावधान: "जास्त तेवढं चांगलं" म्हणून १०,००० टाकू नका. रिकामा कपॅसिटर एसएमपीएसला सुरुवातीला शॉर्टसारखा दिसतो. मग तो चालू-बंद, चालू-बंद उचक्या देत राहतो, दिवा लुकलुकतो, व्होल्टेज उठतच नाही. असं झालं तर क्षमता निम्मी करा.

टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी कापणारा डायोड) लावू का, हा प्रश्न हमखास येतो. सोबतीला लावा, बदली नाही. २४ ची लाइन आणि ३५ ची मर्यादा यांच्यामधल्या फटीत तो नीट बसत नाही: एसएमबीजे२४ए पूर्ण पल्सला ३८.९ व्होल्टपर्यंत जाऊ देतो.

### ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज असेल तर

इथे कपॅसिटरला दर १० मिलिसेकंदांची दरी भरायची असते. क्षमता = करंट × ०.०१ ÷ चालेल तेवढा चढउतार. ५ अँपिअर आणि ४ व्होल्टचा चढउतार: ०.०१२५ फॅरॅड, म्हणजे १२,५०० मायक्रोफॅरॅड. ४७०० चे तीन, ६३ व्होल्टचे, समांतर. एका मोठ्या डब्यापेक्षा तीन बरे, कारण रिपल करंट (कपॅसिटर भरताना-रिकामा होताना त्यातून वाहणारा करंट) वाटला जातो आणि उष्णता कमी होते. एवढ्या साठ्यात ब्रेकची ऊर्जा सहज मावते, वेगळा कपॅसिटर लागत नाही.

करंट धरताना सगळ्या मोटरींच्या फेज करंटची बेरीज करून दोन-तृतीयांश घ्या. चॉपर ड्रायव्हर (करंट तोडून-तोडून देणारा, वरचे सगळे तसेच) सप्लायमधून फेजच्या करंटपेक्षा कमी ओढतो.

या साठ्यावर ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर साठा हळूहळू रिकामा करणारा) हवाच: २.२ किलोओहम, २ वॅट. ४० व्होल्टला त्यात पाऊण वॅटच्या आत जळतं. १२,५०० चा साठा जवळपास रिकामा व्हायला सव्वादोन मिनिटं लागतात. तोवर हात घालू नका. त्या साठ्यात ४० व्होल्टला १० ज्यूल असतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलं तर टोक वितळतं आणि ठिणगी डोळ्याकडे येते.

## टप्पा ५: विकत घेताना

१०५ अंशांचाच घ्या. कारण सरळ आहे: दर १० अंश खाली उतरलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. बंद डब्यात, ड्रायव्हरच्या हीटसिंकशेजारी, वैशाखात ६५ अंश सहज होतात. ८५ अंशांचा, २००० तासांचा कपॅसिटर तिथे ८००० तास टिकेल. १०५ चा, तितक्याच तासांचा, ३२,०००.

मोठ्या कपॅसिटरसाठी डेटाशीटवरचा रिपल करंट पाहा. आकड्यापुढे "लो ईएसआर" (कमी अंतर्गत रोध) असं लिहिलेलं असलं तरी रिपलचा आकडा नसेल तर त्या लिहिण्याला अर्थ नाही.

रत्नागिरी-चिपळूण-कुडाळच्या दुकानांत ६३ व्होल्टचे मोठे कपॅसिटर मिळतीलच असं नाही, बरेच जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. पार्सल आलं की तीन गोष्टी करा. हातात तोला: ओळखीच्या त्याच मापाच्या कपॅसिटरपेक्षा लक्षणीय हलका असेल तर आत लहान डबी आणि बाहेर मोठा कोट असू शकतो. पाय पाहा: सोल्डरचा माग दिसला तर तो काढलेला माल. मीटरवर मोजा: २० टक्के कमी-जास्त चालतं, १००० वर ८०० च्या खाली दाखवलं तर परत. स्वस्त मल्टिमीटरची कपॅसिटन्स रेंज फार वर जात नाही, म्हणून आधी मीटरची सीमा वाचा.

माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेला कपॅसिटर थेट लाइनवर लावू नका. आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून कामाचा व्होल्टेज द्या आणि रेझिस्टरवरचा व्होल्टेज उतरेपर्यंत थांबा. तासाभरात एका व्होल्टच्या खाली आला नाही तर भंगारात टाका.

## टप्पा ६: बसवण्याचा क्रम

१. मुख्य लाइन बंद, प्लग काढलेला. जुना साठा १०० ओहम, ५ वॅट रेझिस्टरने रिकामा करा आणि मीटरवर एका व्होल्टच्या खाली आल्याचं पाहा.

२. ध्रुव तपासा. अंगावरची फिकट पट्टी म्हणजे मायनस. नव्याचा लांब पाय म्हणजे प्लस. उलटा लागलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो, तोही चेहऱ्यासमोर.

३. आधी ड्रायव्हरजवळचे कपॅसिटर, मग लाइनवरचा मोठा. उलट क्रमाने केलं की छोटे "उद्या लावू" म्हणून राहतात.

४. सप्लायच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. इंडक्टन्स घटतं. प्रत्येक ड्रायव्हरला मोठ्या कपॅसिटरपासून स्वतंत्र जोडी. एका ड्रायव्हरवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाऊ नका.

५. फ्यूज सप्लाय आणि कपॅसिटर यांच्या मध्ये. कपॅसिटर आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये ठेवलात तर फ्यूज उडताच मोटरची परतीची ऊर्जा ड्रायव्हरमध्ये कोंडते.

६. स्विच नेहमी एसी बाजूला. डीसी लाइनवर स्विच म्हणजे टप्पा ३ मधली उसळी रोज सकाळी स्वतःच्या हाताने करणं. पण एसी तोडल्यावर कपॅसिटरमधल्या साठ्यावर मशीन क्षणभर पुढे सरकते, म्हणून आणीबाणीच्या बटणाने ड्रायव्हरची एनेबल लाइनही (त्याला चालू ठेवणारा सिग्नल) तुटली पाहिजे.

## टप्पा ७: पहिली सुरुवात

मोटरीचे प्लग वीज बंद असतानाच लावा. चालू ड्रायव्हरची मोटर काढणं-घालणं याला कुठलाही कपॅसिटर वाचवत नाही.

मोटरी न हलवता लाइन चालू करा, व्होल्टेज पाहा, दहा मिनिटांनी बंद करा. साठा रिकामा झाल्याची खात्री करून कपॅसिटरला बोट लावा. कोमट चालेल. चटका बसला तर ध्रुव किंवा व्होल्टेज चुकलाय.

मग ब्रेकची चाचणी. साधा मल्टिमीटर क्षणाची उसळी दाखवत नाही, पण ती पकडायला एक जुगाड आहे. यूएफ४००७ डायोड आणि १० मायक्रोफॅरॅड, १०० व्होल्टचा कपॅसिटर घ्या. लाइनच्या प्लसपासून डायोड, पुढे कपॅसिटर, तिथून ग्राउंड. मीटर कपॅसिटरवर लावा. मीटरचा रोध १० मेगाओहम असेल तर शिखर कित्येक सेकंद आकड्यात दिसत राहतं. त्यात डायोडचा अर्धा व्होल्ट मिळवा. आता पूर्ण वेगात पुढे-मागे दहा फेऱ्या. आकडा ड्रायव्हरच्या मर्यादेच्या ९० टक्क्यांखाली राहिला पाहिजे. नसेल तर क्षमता वाढवा किंवा सॉफ्टवेअरमध्ये प्रवेग कमी करा. दुसरा उपाय फुकट आहे. वायरची मायक्रोसेकंदांची उसळी मात्र यात पकडली जात नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोपच.

## टप्पा ८: खारी हवा आणि पावसाळा

मशीन सर्वांत जास्त चालते ती श्रावणात, आणि हवेत पाणी सर्वांत जास्त असतं तेही तेव्हाच. मिठाचा कण ओला झाला की टर्मिनलवर हिरवट चढ येतो, स्क्रूखालचा रोध वाढतो, आणि दोन सेंटिमीटरवर लावलेला कपॅसिटर विजेच्या हिशेबाने लांब जातो. वायरच्या टोकांना नुसतं सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो. टोकांवर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या नळ्या (फेरूल) क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा.

बोर्डवर संरक्षक लाखेचा फवारा मारत असाल तर कपॅसिटरच्या डोक्यावरच्या खाचा झाकू नका. आतला दाब तिथूनच सुटायचा असतो. कनेक्टर आणि ड्रायव्हरचे सॉकेटही चिकटपट्टीने झाकून मगच फवारा. वायरी डब्यात खालून, ग्लँडमधून घ्या. वरून घेतल्या तर पागोळी वायरीवरून सरळ आत उतरते.

डब्याचा पंखा बाहेरची हवा आत ओढत असेल तर एमडीएफची भुकटी आणि मीठ मिळून कपॅसिटरच्या पायांमध्ये ओलसर थर जमतो. मिरग लागण्याआधी तो मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, टर्मिनल पुन्हा आवळा, कपॅसिटरची डोकी बोटाने चाचपा. सपाट असायला हवीत. जरा जरी उंचवटा लागला तर हंगामाआधीच बदला.